तेजीही त्यांची, मंदीही त्यांची

उर्से टोलनाक्यावरून मुंबईस निघालेला माणूस धंद्यात कमावून परतो वा गमावून, पथकर त्याला चुकत नाही. शेअरबाजारातील दलालीचेही तसेच आहे. मावळात शेती जाऊन कारखाने आले. तेथील कंत्राटी कामगाराच्या मोबाईलवर आज हा बाजार उघडा आहे आणि त्याला तेजी-मंदीचे डावपेच शिकविणाऱ्यांची वाण नाही.

हे डावपेच आहेत तरी काय? तेजीवाला भाव चढेल या भरवशावर आधी घेतो, मग विकतो. मंदीवाला भाव पडेल म्हणून आधी विकतो, मग घेतो. रोख पैशाने घेतलेल्या समभागात फार तर मुद्दल बुडते. मंदीवाल्याच्या तोट्याला मात्र मर्यादा नाही, कारण भाव कितीही चढू शकतो. रोखीच्या बाजारात किरकोळ माणसाला असा सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो. म्हणून तो वायदे व ऑप्शन्सकडे वळतो, जेथे थोड्या पैशावर मोठा सौदा उभा राहतो.

परिणाम 'सेबी'नेच सप्टेंबर २०२४ मध्ये मांडला आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. शेवटच्या वर्षी यांतील पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोकांचे जाहीर उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. त्याच वर्षी स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटींचा, तर परदेशी गुंतवणूकसंस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा मिळविला. तोही बहुतांशी संगणकाच्या बळावर.

मंदीवाल्याला खलनायक ठरविणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. १८६५ साली अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले, तेव्हा मुंबईत बॅक बे कंपनीच्या फुगलेल्या भावावर भाळलेले तेजीवालेच बुडाले. दोष दिशेचा नाही, विषम बळाचा आहे. जुलै २०२५ मधील अंतरिम आदेशात 'सेबी'ने जेन स्ट्रीट या अमेरिकी समूहावर ठपका ठेवला, तो असा: एका हाताने बँक समभाग घेऊन भाव चढवायचा आणि दुसऱ्या हाताने ऑप्शन्समध्ये मंदीचे त्याहून कितीतरी मोठे सौदे करायचे. ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा तो आदेश होता. समूहाने आरोप नाकारला आहे. निकाल काहीही लागो, दोन्ही बाजू एकाच वेळी खेळू शकणाऱ्यासमोर एका पगाराच्या बळावर बसणाऱ्याची अवस्था काय होते, हे सांगावयास नको.

'सेबी'ने सौद्यांचा किमान आकार वाढविला, साप्ताहिक सौदे आटोक्यात आणले. हे योग्यच झाले. परंतु त्याने भागणार नाही. कार्यकर्त्यांनीही सट्टा वाईट एवढेच सांगून थांबू नये. बारा-बारा तास राबूनही उद्याची शाश्वती नाही, म्हणून तरुण या वाटेला लागतो. कायम नोकरी, पुरे वेतन, भविष्यनिर्वाह निधीचा नियमित भरणा आणि विश्वासाची कामगार पतपेढी यांसाठी कारखान्याच्या दारात उभे राहणे, हे आपले काम आहे. ते आपण टाळले, तर डावपेच शिकविणारे त्या दारात आधीच उभे आहेत.