धरणाचा हिशेब बिल निघण्याआधी मागा

सेलू तालुक्यातले निम्न दुधना धरण २०१६ साली केंद्राच्या रखडलेल्या ९९ सिंचन प्रकल्पांच्या यादीत होते. प्रकल्प रखडला की खर्च चढतो. विदर्भातले गोसीखुर्द बघा : १९८३ साली अंदाज ३७२ कोटींचा, २०१६ पर्यंत तो १८ हजार कोटींवर गेला.

सगळीच वाढ खाबूगिरीची नसते. सिमेंट, लोखंड, मजुरी महागते. जमिनीचा मोबदला वाढतो. पण जमीन ताब्यात नसताना कालव्याचा ठेका देणे, काम चालू असता संकल्पचित्र बदलणे, निविदेबाहेरची जादा कामे घुसवणे, ही वाढ टाळता येते. महालेखापरीक्षकांचे ताशेरे येतात, २०१४ साली चितळे समितीचा अहवालही आला. पण तोवर पैसा वाटला गेलेला असतो. बैल गेला अन् झोपा केला!

मग गावाच्या हाती काय? ठेकेदाराचे बिल मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीवर निघते. २००५ च्या माहिती अधिकारात त्या पुस्तिकेची प्रत मागता येते, कामावरच्या मालाचा नमुनाही मागता येतो. काम चालू असतानाच अर्ज टाका.

दुसरी संधी पाणीवापर संस्थेची. चारी ताब्यात घेण्याआधी संयुक्त पाहणी होते. फुटलेले अस्तर, बुजलेली चारी, नसलेले गेट तिथेच लेखी नोंदवा. सरपंच, ग्रामसेवकांनीही सोबत जावे. डोळे झाकून सही केली, तर पुढची डागडुजी शेतकऱ्याच्याच गळ्यात पडेल.