झेंडूचे पंचांग

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याच कुंडीतल्या झेंडूकडे पाहून हळहळणारी माणसे दर वर्षी भेटतात. रोप चांगले कमरेएवढे वाढलेले असते, पाने हिरवीगार असतात आणि कळ्या मात्र वाटाण्याएवढ्या! मग मुकाट्याने पिशवी घ्यायची आणि बाजाराची वाट धरायची. “इतके खतपाणी केले, तरी मेला वेळेवर फुलत नाही,” असे वर म्हणायचे.

झेंडूच्या बाजूने बोलणारा कोणी हवाच. दसरा येतो तिथीने. २०२३ साली श्रावण अधिक होता, तेव्हा दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरलाच उजाडला. तीन आठवड्यांचा हा फरक झेंडूला कोणी सांगितलेला नसतो. त्याला कळते ती पेरल्यापासूनची वाढ आणि लहान होत जाणारा दिवस. दिवस आखडू लागले की मोठ्या गोंड्याचा झेंडू लवकर कळीवर येतो. मुळात तो मेक्सिकोचा. (इंग्रजीत त्याला ‘आफ्रिकन’ म्हणतात, ते का, हे इंग्रजांनाच विचारावे.) तिकडेही १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा सण असतो, आणि त्या दिवशी थडग्यांवर हीच केशरी फुले पसरतात. आपण दाराला बांधतो ते फूल तिकडे पितरांना वाट दाखवते. पण फुलायचा हंगाम दोन्हीकडे एकच.

तेव्हा पंचांग आपणच पाहायचे आणि दसऱ्यापासून उलटे मोजायचे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जातींना, शेंडा खुडून वाढवायचे तर, पेरणीपासून फुलापर्यंत साधारण ऐंशी-पंच्याऐंशी दिवस लागतात. गंमत अशी की, हे दिवस आपल्या सणांत अगदी चपखल बसतात. गुरुपौर्णिमेला बी पेरावे. नागपंचमीपर्यंत रोपांना चार-पाच पाने येतात, तेव्हा ती कुंडीत किंवा वाफ्यात हलवावीत. श्रावणी पोळ्याच्या सुमारास शेंडा खुडावा. तिथून दसऱ्याला सुमारे चाळीस दिवस उरतात, आणि फुटवे येऊन कळ्या उमलायला ते पुरतात. श्रावण, भाद्रपद किंवा आश्विन यांपैकी एखादा महिना अधिक आला, तर पेरणी महिनाभर पुढे ढकलायची. पुढचे सारे आपोआप जमते. दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा नारंगी गेंदा’ ही जात मात्र धिम्या चालीची आहे. तिला चार महिन्यांहून अधिक काळ लागतो, म्हणून तिची पेरणी ज्येष्ठ लागण्यापूर्वीच करावी.

शेंडा खुडायचा म्हटले की पुष्कळांचा हात थबकतो. विशेषतः घरातली वडीलधारी मंडळी वाढत्या रोपाला हात लावू देत नाहीत. पण न खुडलेले रोप सरळ वर जाते, माथ्यावर एकच गोंडा धरते आणि पहिल्या जोराच्या सरीत आडवे होते. खुडल्यावर फूल दहा-पंधरा दिवस उशिरा येते हे खरे. पण मग ते एकाच्या जागी आठ-दहा फांद्यांवर येते. वरचे ते दिवस आपण आधीच हिशेबात धरले आहेत.

खताचे तर विचारूच नका. युरियाची चिमूट टाकून फुलांची वाट पाहणारे लोक पानांचीच शेती करतात. लावताना मातीत मिसळलेले मूठ-दोन मूठ कुजलेले शेणखत कुंडीला पुरते. ऊन मात्र निदान सहा तास हवे. जिन्याखालच्या कुंडीला फूल येत नाही, ते खताअभावी नव्हे.

आमच्या नगरची (सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर) अडचण जरा निराळी आहे. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत. आषाढात आभाळ नुसते वाकुल्या दाखवते, आणि ऐन कळ्या धरायच्या वेळी, भाद्रपदात, धो धो कोसळते. झेंडू तहान सोसतो. पायाशी साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात, वाफा वीतभर उंच करावा, आणि काळ्या मातीत वाळू किंवा विटांची बारीक खडी मिसळावी.

या गावच्या मातीचा अनुभव एका थोर माणसानेही घेतला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना पकडून येथल्या भुईकोट किल्ल्यात ठेवले होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ नेहरूंनी तेथेच लिहिला आणि त्याच्या आरंभीच आपल्या बागकामाची हकीकत दिली आहे. जमीन वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या पडझडीने भरलेली. आणि हे गृहस्थ भर उन्हात फुलझाडांसाठी ती खणत बसत. मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांतही ही बाग येते. सुटकेची तारीख ठाऊक नसलेल्या माणसांनी फुलांचे वाफे करावेत, यात मला नेहमी थोडी खिन्नता वाटते. बी टाकताना त्यांनी मनाशी काय हिशेब केला असेल? फुले येईपर्यंत आपण येथेच असणार, हे त्यांनी धरूनच चालायचे होते. उपनगरांतल्या नव्या घरांच्या अंगणात बिल्डर जी माती टाकून जातात, तिची जातकुळी त्या किल्ल्यातल्या मातीचीच असते. एकदा कुदळीने वीतभर खोल मोकळी केली की झेंडू तिच्यात तक्रार न करता वाढतो.

आपले गणित चुकले तर आपण पिशवी घेऊन बाजारात जातो. पण तोच फुलबाजार ज्यांच्यावर चालतो, त्यांचे काय? नगरजवळचे अकोळनेर फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावांतल्या शेतकऱ्याला हे पंचांग पोटासाठी सांभाळावे लागते. दसऱ्याच्या सकाळी ज्या फुलासाठी गिऱ्हाईक घासाघीस करते, त्याच फुलाकडे संध्याकाळी कोणी ढुंकून पाहत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला, तर भिजलेला गोंडा पाटीतच काळा पडतो. माळ घेताना दोन रुपयांसाठी वाद घालण्यापूर्वी, त्याने जुलैतच ऑक्टोबरचा अंदाज बांधला होता, एवढे ध्यानात ठेवावे.

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन एकोणीस-वीस दिवसांवर येते. वर्ष कोणतेही असो, हे अंतर फारसे बदलत नाही. एकाच रोपाकडून दोन्ही सण साजरे करून घेता येतात. त्यासाठी दसऱ्याची फुले देठासकट कापावीत आणि सुकत चाललेले गोंडे झाडावर राहू देऊ नयेत. झाड एकदा बी धरू लागले की नवी कळी काढण्याचा त्याचा उत्साह मावळतो.

बियासाठी मात्र सर्वांत भरदार झाड निवडून त्यावरचे दोन-तीन गोंडे राखावेत, आणि हे काम दिवाळीतच करण्याजोगे आहे. बाजारातले मोठे गोंडे बहुधा संकरित असतात. त्यांच्या बियांपासून कुठे एकेरी फूल येते, कुठे भलत्याच रंगाचे. ज्यांना खात्री हवी त्यांनी गावठी झाड पाहावे. राखलेला गोंडा देठापर्यंत तपकिरी झाला की कोरड्या दिवशी तोडून सावलीत वाळवावा आणि पाकळ्या उपटाव्यात. त्यांच्या बुडाशी सुईसारखे काळे जे निघते, तेच बी. ते कागदाच्या पुडीत ठेवून वर्षाच्या आतच पेरावे. पुडीवर जात आणि साल लिहावे, आणि नवे पंचांग घरात आले की गुरुपौर्णिमेच्या पानात ती पुडी खोचून द्यावी.