साठ सामन्यांचा बेयान आणि एका समितीचा निवाडा

अमेरिकेच्या 'मेजर लीग' बेसबॉलमध्ये खेळलेला पहिला लॅटिन अमेरिकी खेळाडू कोण? उत्तरादाखल अनेकदा कोलंबियाच्या लुइस कास्त्रोचे नाव सांगितले जाते : १९०२ साल, फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स, ४२ सामने. परंतु त्याआधी एकतीस वर्षे, १८७१ मध्ये, हवानाचा एस्तेबान बेयान ट्रॉय हेमेकर्स संघासाठी तिसरा बेस सांभाळत होता. त्याचे नाव गळते, कारण १९६९ साली बसलेल्या एका नोंद-समितीने तो ज्या नॅशनल असोसिएशनमध्ये खेळला ती स्पर्धाच 'मेजर' नव्हे, असे ठरवून टाकले.

बेयान दिग्गज होता असा दावा कोणी करू नये. न्यूयॉर्कजवळ फोर्डहॅमच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकलेला हा तरुण ट्रॉयकडून दोन हंगाम खेळला. १८७३ मध्ये न्यूयॉर्क म्यूच्युअल्सकडे जेमतेम आठ सामने त्याच्या वाट्याला आले. एकूण साठ. फलंदाजी बेताची, क्षेत्ररक्षणात चुका पुष्कळ. (त्या काळी क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू अडवीत, हे चुका मोजणारे सोयीस्करपणे विसरतात.) पण प्रश्न त्याच्या गुणवत्तेचा नाहीच.

समितीचे कारण असे : वेळापत्रक अनियमित, कारभार विस्कळीत. आक्षेप खोटा नाही. असोसिएशनचे संघ हंगामाच्या मध्येच बुडत. मग १८८४ ची युनियन असोसिएशन कोणत्या निकषावर उत्तीर्ण झाली? ती एकच हंगाम जगली. तिचा अल्टूनाचा संघ २५ सामन्यांतच गारद झाला. तरीही त्याच समितीने तिला 'मेजर' म्हटले! आणि जिच्यापासून गणना सुरू होते त्या नॅशनल लीगला पहिल्याच वर्षी, १८७६ मध्ये, ठरलेले सामने न खेळल्याबद्दल म्यूच्युअल्स व फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स यांना हाकलावे लागले. तिचे खेळाडू तरी कुठून आले होते? स्पॉल्डिंग, अॅन्सन, राइट बंधू हे सारे असोसिएशनमधलेच. बोस्टन आणि शिकागोचे संघही तिथलेच. १८७५ मध्ये दुय्यम असलेली माणसे एका हिवाळ्यात अव्वल कशी झाली, याचे उत्तर समितीने दिलेले नाही.

जुना निवाडा फिरवता येत नाही, ही सबबही आता उरलेली नाही. १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना २०२० मध्ये 'मेजर' दर्जा मिळाला, आणि तो योग्यच होता. नॅशनल असोसिएशन मात्र दाराबाहेरच राहिली.

बेयान मायदेशी परतला. २७ डिसेंबर १८७४ रोजी मातान्सास येथील पाल्मार दे हुंको मैदानावर हवानाने यजमानांचा ५१–९ असा धुव्वा उडवला, त्या संघात तो होता. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली हवानाने क्यूबाची पहिली अजिंक्यस्पर्धा जिंकली.