टक्क्यांचे राज्य गेले, पुढे काय?

एके काळी बारावीचा निकाल म्हणजे घराघरांतला अंतिम निवाडा असे. गुणवत्ता यादीतल्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकत आणि दोन टक्के कमी पडलेल्याच्या घरी सुतक पसरे. ते टक्क्यांचे राज्य आता ओसरले. अभियांत्रिकीला राज्याची सीईटी, वैद्यकीयला 'नीट'. खुल्या गटातल्या मुलाला बारावीत ठरावीक विषयांत अनुक्रमे ४५ आणि ५० टक्के मिळाले की पुरे. पुढचा क्रमांक प्रवेश परीक्षाच लावते.

हा बदल उगीच झाला नाही. प्रत्येक मंडळाचा गुण देण्याचा हात वेगळा. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत पहिल्या यादीची मर्यादा थेट १०० टक्क्यांना भिडली. त्याच वर्षी कोरोनामुळे आपल्याकडे दहावीची परीक्षा झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! सगळेच उत्तीर्ण, तर निवडायचे कोणाला?

पण म्हणून एका परीक्षेवर सारा भार टाकणे न्यायाचे ठरते काय? 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. म्हणजे एका प्रश्नाने पाच गुणांचा फरक पडतो आणि तेवढ्याने मूल हजारोंच्या मागे जाते. २०२४ मध्ये तर पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण पडले; पुढे तो निकाल सुधारावा लागला.

याहून मोठे नुकसान वर्गात होते आहे. मुलाचे नाव महाविद्यालयात आणि मूल क्लासमध्ये, हा प्रकार आता कोणाला खटकतही नाही. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या कोरड्याच राहतात. क्लासची फी भरताना मध्यमवर्गीय बापाची पुंजी आटते. ज्या गावात क्लासच नाही, तिथल्या हुशार मुलीने काय करावे?

मधला मार्ग शोधून झालेला आहे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. निरनिराळ्या मंडळांचे गुण एका मापावर आणण्याचा खटाटोप जड गेला आणि २०१७ पासून ते वजन काढले गेले. काम अवघड होते, पण हेतू खोटा नव्हता. मंडळांनी गुणांची खैरात थांबवावी, प्रात्यक्षिके खरोखर घ्यावीत आणि मग बारावीला पुन्हा थोडे वजन द्यावे. जेईई मेनप्रमाणे वर्षातून दोनदा संधी आणि त्यांतला सरस निकाल, ही सोय वैद्यकीयच्या मुलांनाही का नसावी?

पालकांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. सीईटीतले ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरांतल्या साधारण ९५ जणांच्या बरोबरीने किंवा पुढे, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा रांगेतली जागा सांगतो. मुलाला कशाची गोडी आहे, हे मात्र घरातच विचारावे लागेल, आणि तेही अर्ज भरण्याआधी.