तण कुणाचं, भाजी कुणाची?



पाऊस लागला की पेण-रोह्यात रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसतात. आठवड्यात सगळं हिरवं जळून जातं. विचारलं तर म्हणतात, तण मारतोय.

कसलं तण? टाकळा, कुरडू ही आमची भाजी. तीच बाजारात विकून आमच्या बाया मीठ-मिरची आणतात. ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत जातं, भाजी ओळखत नाय. पावसानं ते ओढ्यात उतरतं. त्याच ओढ्यात आम्ही मुठे-मासे धरतो, तिथल्याच डवऱ्याचं पाणी पितो.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सांगितलं, यानं माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं हुकूम काढला, कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकाशिवाय ते कुणी वापरायचं नाय. मग परवाना दाखवा!

म्हणे मजुरी परवडत नाय. आम्ही काम मागत इथंच बसलोय. विळा आमच्या हातात द्या.

पंप मारणारा बहुतेक आपलाच पोर असतो, तोंडाला नुसतं फडकं. भांडण त्याच्याशी नाय, पाठवणाऱ्याशी आहे.

वन हक्क कायदा २००६, कलम ५ वाचा. जंगलालगतचे पाण्याचे साठे राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. प्रत्येक वाडीनं ठराव करावा: ग्रामसभेला विचारल्याशिवाय फवारणी नाय. औषधाचं नाव, परवाना, हुकूम कुणाचा, तिन्ही विचारा आणि लिहून घ्या. तोंडी तक्रार कचेरीत कुणी ऐकत नाय.