अशोकारिष्टापूर्वी रक्ततपासणी

अत्यार्तवाची तक्रार घेऊन आई किशोरवयीन मुलीसह चिकित्सालयात येते आणि आपली लेखणी सवयीने अशोकारिष्टाकडे वळते. या सवयीचा पुनर्विचार व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रजोदर्शनानंतरची पहिली दोन-तीन वर्षे आर्तवचक्र अनियमित असणे बहुधा प्राकृतच होय. २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने पाळी येत असल्यास औषधापेक्षा धीर द्यावा. परंतु स्राव ७ दिवसांहून अधिक टिकत असेल किंवा तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, तर प्रथम हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ ग्रॅमहून कमी असल्यास पांडुरोगाचीही चिकित्सा हवी. पहिल्या पाळीपासूनच अतिस्राव, वारंवार घोळणा फुटणे, हिरड्यांतून रक्त येणे असा इतिहास मिळाला, तर व्हॉन विलेब्रँड या रक्तस्रावी विकाराची शंका घेऊन मुलीस रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. अशा मुलीस महिनोन्महिने केवळ रक्तस्तंभक कल्प देत राहणे म्हणजे निदान लांबविणे होय.

आधी रोगपरीक्षा, मग औषध, हा क्रम चरकाचार्यांचाच आहे. मुलीस तज्ज्ञांकडे पाठविल्याने आयुर्वेदास कमीपणा येत नाही. उलट त्या क्रमाचे पालनच होते.