गंजलेला बुश आणि विस्तवाचा मोह

वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं वडिलांच्या वेळची मोटार अद्यापि असेल. आमच्याकडे थोरल्या बंधूंनीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीनें ती कुर्ल्याच्या कारखान्यांत घडविली. तिचें उत्पादन केव्हांच थांबलें, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीहि ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. सबब तिचा एखादा भाग हातचा गेला, तर तसा दुसरा मिळविणें कष्टाचें आहे.

गेल्या महिन्यांत बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरतांना मागून कटकट ऐकूं येऊं लागली. पाहतों तों मागच्या पाट्याच्या डोळ्यांतील बुश झिजलेला. बुश म्हणजे बाहेर पोलादी नळी, मध्यें रबर आणि आंत बोल्टासाठीं दुसरी नळी. आमच्याकडील काळ्या मातीचा चिखल ओल धरून राहतो. त्यामुळें बाहेरची नळी डोळ्याशीं गंजून एकजीव झाली होती. दुसरे दिवशीं सूनबाईंना मलकापुरास माहेरीं पोंचवावयाचें होतें. पुतण्या घाईनें म्हणाला, "काका, गॅसची ज्योत लावतों, पांच मिनिटांत सुटेल."

आम्हीं नको म्हटलें. रबर पेटल्यास विषारी धूर होतो, आणि पेट्रोलची टांकी मागेंच असते. शिवाय पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलें असतें. फार तापविल्यास तें उतरतें. पूर्वीं एका कारागिरानें आमच्यादेखत असाच विस्तव लावला होता. वर्षाच्या आंत तो पाटा डोळ्याजवळच मोडला. कारण तेंच, असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. परंतु त्या वेळीं आम्हीं तोंड उघडलें नाहीं, याची रुखरुख आहे.

विस्तवावांचूनची रीत अशी. चाकांना दगड लावून गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. बोल्टावर आदले दिवशींच गंज सोडविणारें तेल सोडावें. बोल्ट निघाल्यावर आंटे पाडलेली सळई डोळ्यांतून घालावी. एके बाजूस बुशाहून किंचित् रुंद नळीचा तुकडा, दुसरीकडे किंचित् अरुंद चकती लावून नट सावकाश आवळावा, आणि ताण रात्रभर तसाच ठेवावा.

तरीहि न हलल्यास बळ वाढवूं नये. ड्रिलनें रबर पोखरून आंतली नळी काढावी. करवतीचें पातें डोळ्यांतून ओंवून मग चौकटींत बसवावें व बाहेरच्या नळीस लांबीच्या दिशेनें चीर द्यावी. ती पाट्यांत जाऊं नये, म्हणून किंचित् अगोदरच थांबावें. नंतर अरुंद छिन्नीनें कड आंत वळवितांच पकड सुटते. संस्कृत शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं, कीं पद ओढून संधि सुटत नाहीं. जोड कोठें आहे तें पाहावें लागतें.

नवा बुश त्याच सळईनें ओढून बसवावा. बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पुरता आवळावा. नाहींतर रबर पिळलेलें राहून लवकर फाटतें.

या कामांत दोन दिवस गेले. सूनबाई मुलांना घेऊन एस. टी. नें गेल्या, आणि पुतण्या आमच्याशीं मोजकेंच बोलला. पुढल्या रविवारीं तोच त्यांना आणावयास घाट उतरून गेला. परतल्यावर किल्ली खुंटीला लावीत म्हणाला, "काका, दुसऱ्या बाजूचाहि बुश काढूं. तेल आजच सोडून ठेवतों."